बातू बासिलांगच्या बंधाऱ्याचं पान

एर्माविलिसने जगाने वाचावं म्हणून आयुष्यात पहिल्यांदा चौदा ओळी लिहिल्या, आणि त्या अकरा मिनिटांत उडाल्या. चहा गाळून ती परत पडद्यासमोर येऊन बसली, तोवर पान कोरं झालं होतं. त्याखाली कुणा ‘पालितो’ नावाच्या माणसाचा निरोप होता.

‘नमस्कार. बंधाऱ्याविषयीचा मजकूर काढला आहे, कारण त्याला एकही संदर्भ जोडलेला नाही. लिहिलेलं खरं असेलही. पण इथे नुसतं खरं असून भागत नाही. वाचणाऱ्याला ते पडताळून पाहता आलं पाहिजे.’

तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. वयाच्या चोपन्नाव्या वर्षी ती हे सगळं शिकायला गेली होती. जवळच्या पायाकुंबुह शहरातल्या वाचनालयात दोन दिवसांची कार्यशाळा होती: इंटरनेटवरचा मुक्त ज्ञानकोश, कुणीही लिहावा, कुणीही सुधारावा, आणि तोही आपल्या मिनांग भाषेत. बाकी सगळी कॉलेजची पोरं. त्यांच्यात ही एकटी, लग्नाच्या पोशाखांवर जरीचं भरतकाम करणारी बाई, चष्मा नाकावर घसरलेला. पोरांनी खेळाडूंची नि गायकांची पानं केली. एर्माविलिसने मनात एकच पान धरलं होतं, आपल्या गावच्या बंधाऱ्याचं.

बातू बासिलांगचा बंधारा दगडी आहे. सरकारविरुद्धच्या बंडाच्या काळात, एकोणीसशे साठ साली, जुना लाकडी बंधारा पुरात गेला. गावातले पुरुष काही जंगलात बंडखोरांबरोबर होते, काही परमुलखात पोटामागे गेले होते, काही मातीखाली. शेतं सुकायला लागली तेव्हा बायकांनी नदीतले धोंडे डोक्यावरून वाहून चाळीस दिवसांत नवा बंधारा घातला. त्यांत एर्माविलिसची आई रोसमानी होती, तेव्हा अठरा वर्षांची. ही गोष्ट एर्माविलिसने आईकडून इतक्यांदा ऐकली होती, की त्या धोंड्यांचं वजन तिला आपल्याच मानेत जाणवायचं.

पण बंधाऱ्यावरच्या पाटीवर बायकांचं नाव नाही. तिथे कोरलंय, ‘हा बंधारा दातुक बंदारो यांनी बांधला.’ दातुक बंदारो हा त्यांच्या कुळप्रमुखाचा किताब, मामाकडून भाच्याकडे जाणारा. तेव्हाचा दातुक गावप्रमुख होता. आताचा दातुक त्याचा भाचा, तोही गावप्रमुख, आणि एर्माविलिसच्या कुळाचा म्हणून तिचाही मामा. इथे घर बाईचं, शेत बाईचं. शब्द मात्र मामाचा.

तिने त्या चौदा ओळी पुन्हा चढवल्या. पालितोने पुन्हा काढल्या. तिने परत चढवल्या. असं चारदा झाल्यावर तिचं खातं एका दिवसासाठी बंद झालं. निरोप आला, की एकाच पानावर दुसऱ्याने काढलेलं दिवसात तीनपेक्षा जास्त वेळा परत चढवता येत नाही. वाद असेल तर त्या पानाला जोडलेल्या चर्चापानावर बोलावं.

दुसऱ्या दिवशी खातं उघडताच ती चर्चापानावर बोलली. चांगलंच बोलली. पालितोच्या खात्यावर ‘मुक्काम बाताम बेट’ असं लिहिलेलं तिने पाहिलं होतं. परमुलखात बसून दुसऱ्याच्या चुलीवरचा भात खाणाऱ्याने आम्हाला आमची नदी शिकवू नये, पडताळायचं असेल तर इथे येऊन एक धोंडा डोक्यावर घेऊन बघावा, मान मोडली तर औषधपाणी आम्ही करू, असं सगळं.

उत्तर तासाभराने आलं. ‘पानाबद्दल लिहावं, माझ्याबद्दल नको. हाही इथला नियम आहे. दुसरा असा, की समोरचा चांगल्या हेतूने वागतो आहे असं धरून चालायचं. तुमच्याबद्दल माझं तसंच धरून चाललंय. उनी, ही गोष्ट इथे यावी असं मलाही वाटतं. ती टिकेल अशी यावी.’

त्या ‘उनी’ शब्दाने ती जराशी वरमली. मोठ्या बहिणीला म्हणतात तो शब्द. शिव्या खाऊन वर ताई म्हणणारा माणूस तिने पाहिला नव्हता. पण वरमली म्हणजे नमली असं नव्हे. तिच्या मुलीने, देस्वीताने विचारलं, “आता सोडून देशील ना हा नाद?”

“सोडू?” एर्माविलिस म्हणाली. “नियम आहेत ना त्याच्याकडे? मग एकूण एक नियम पाठ करते, आणि त्याच्याच काठीने त्याला हाणते.”

देस्वीता हसली. ती दवाखान्यात रक्त तपासायचं काम करायची आणि तिचं लग्न ठरत आलं होतं. आईने तिच्या पोशाखावर जर भरायला घ्यायच्या ऐवजी नियम वाचायला घेतले होते.

पुढचे तीन आठवडे एर्माविलिसने भरतकामाच्या लाकडी चौकटीवर एका बाजूला मोबाइल टेकवून ठेवला. एक फूल भरायचं, एक नियम वाचायचा. काही तिला लगेच पटले. कुणाचं लिखाण जसंच्या तसं उचलू नये, हे भरतकाम करणाऱ्या बाईला सांगायला नको. तिच्या नक्ष्या बाजारातल्या निम्म्या दुकानांनी चोरल्या होत्या. पान कुणाच्या मालकीचं नसतं, हे मात्र गिळायला जड गेलं. आणि एक नियम वाचून तर तिने सुई खाली ठेवली. ज्या विषयात आपला संबंध गुंतलाय, आपलं घरदार गुंतलंय, त्या विषयाचं पान आपण स्वतः लिहायला जाऊ नये. लिहायचंच असेल तर आधी संबंध उघड सांगावा, आणि मजकूर चर्चापानावर ठेवावा. तो घालायचा की नाही, हे इतरांनी ठरवावं.

म्हणजे ज्याला आस्था आहे त्याने गप्प बसायचं, आणि ज्याला काही देणंघेणं नाही त्याने लिहायचं. हा कुठला न्याय, असं तिने पालितोला विचारलं. या वेळी शिव्या न घालता.

दरम्यान तिने एक पुरावा गाठला होता, जिवंत. मोठी मावशी जवानिस, वय पंचाऐंशी, बंधाऱ्यावर राबलेल्यांपैकी. म्हातारीने पानाचा विडा चघळत दोन तास सगळं सांगितलं. कोण कुठे उभी होती, कुणाच्या हातून धोंडा सुटला, भात शिजवायला कोण होती. एर्माविलिसने ते मोबाइलवर टिपून घेतलं आणि पालितोला कळवलं, की घ्या, हा तुमचा संदर्भ, अजून खणखणीत आवाजात बोलतो.

पालितोने तोही नाकारला. छापून न आलेली, कुणी न तपासलेली आठवण इथे संदर्भ म्हणून चालत नाही.

त्या दिवशी एर्माविलिसने कळवलं, की हे लिहून बोलण्याचं काम नाही, फोन करा. नंबरही दिला. दुपारी फोन वाजला. ती दणका द्यायच्या तयारीत होती, आणि पलीकडून बाईचा आवाज आला.

मिनांग भाषेत ‘तो’ आणि ‘ती’ला एकच शब्द. इतके दिवस एर्माविलिसने आपलं आपणच त्या शब्दाला मिशा लावल्या होत्या. पालितोचं नाव येल्फिना होतं. वय एकोणचाळीस. बाताम बेटावर औषधांच्या गोदामात ती मालाची तपासणी करायची. तिने सांगितलं, की गेली नऊ वर्षं रोज जेवणाच्या सुट्टीत ती ज्ञानकोश झाडते, म्हणजे अक्षरशः झाडू मारल्यासारखं.

एर्माविलिसने विचारलं, “मग तुला आपल्या म्हाताऱ्यांचं काही वाटत नाही? त्या कुठे छापून येणार आहेत? छापणारे कोण होते तेव्हा? दातुक नि त्यांचे दोस्त.”

 येल्फिना म्हणाली, “उनी, माझी आजीपण अशीच गेली. एक ओळ छापली नाही कुणी तिच्यावर. पण मला सांगा, तुमच्या मावशीचं तोंडी सांगणं मी घेतलं, तर उद्या दुसऱ्या कुणाचंही तोंडी सांगणं घ्यावं लागेल. तुमच्या गावात असा कुणी आहे का, ज्याच्या नुसत्या शब्दावर पान लिहिलेलं तुम्हाला चालणार नाही?”

एर्माविलिसच्या डोळ्यांपुढे गावप्रमुखाची खुर्ची आली.  फोन ठेवताना येल्फिना म्हणाली, “जुनी वर्तमानपत्रं बघा. साठ सालची. बायकांनी बंधारा बांधला म्हणजे कुणीतरी छापलंच असेल, नवल म्हणून का होईना.”

लापाऊ, म्हणजे गावातली कॉफीची टपरी, तिथे कुठलीही गोष्ट उकळायला वेळ लागत नाही. एर्माविलिस म्हाताऱ्यांना बंधाऱ्याचं विचारत फिरते, ही बातमी दातुकच्या कानावर गेली. मग एका मंगळवारी ज्ञानकोशातलं बंधाऱ्याचं कोरं पान आपोआप भरलेलं दिसलं. भलंमोठं. दातुक बंदारो यांनी स्वतः पुढे होऊन, जनतेला दिशा देऊन, पदरमोड करून बंधारा बांधला. त्यांचा वारसा आजचे दातुक समर्थपणे चालवत आहेत. खाली संदर्भही होता. गावाच्या वर्धापनदिनाची पुस्तिका, ग्रामकार्यालयानेच छापलेली. खातं त्याच सकाळी उघडलेलं, आणि लिहिण्याची ढब कार्यालयातल्या कारकुनाची, हाफ्निझारची. तो ‘समर्थपणे’ हा शब्द मयताच्या नोटिशीतसुद्धा घालायचा.

एर्माविलिसने खालचा संदर्भ पुन्हा वाचला. छापील आहे. म्हणजे आता पालितो हे ठेवणार, आणि आईचे धोंडे पुन्हा पाण्यात जाणार. एका टिचकीसरशी सगळं पुसून टाकावं, असं तिला वाटलं. बोट पुढेही गेलं. पण तिने ते मागे घेतलं आणि चर्चापानावर शांतपणे तीन प्रश्न मांडले. ही पुस्तिका कुणी छापली? ज्याची स्तुती आहे, त्याच्याच कार्यालयाने छापलेली पुस्तिका तटस्थ संदर्भ कशी? आणि लिहिणाऱ्याचा त्या कार्यालयाशी संबंध आहे का, असेल तर त्याने तो सांगितला का नाही?

संध्याकाळपर्यंत पान आक्रसलं. येल्फिनाने आणि ज्ञानकोशाच्या आणखी एका, मेदान शहरातल्या संपादकाने स्तुतीची सगळी वाक्यं काढली. बंधारा कुठल्या नदीवर आहे आणि किती लांब आहे, एवढ्या दोन ओळी उरल्या. वर खूण लागली, की हा मजकूर संबंधित व्यक्तीने लिहिलेला दिसतो. हाफ्निझारने लगेच सगळं परत चढवलं. चारदा चढवलं. मग त्याचंही खातं एका दिवसासाठी बंद झालं.

एर्माविलिस एकटीच मोठ्याने हसली. जो नियम तिला चपराकीसारखा लागला होता, तोच आता गावप्रमुखाच्या कार्यालयाला लागला होता, आणि तितक्याच जोरात. तिच्या चोपन्न वर्षांत या गावात असं काही झालं नव्हतं. कुळाच्या बैठकीत दातुकचा शब्द शेवटचा असायचा. इथे त्याचं आणि तिचं माप एकच होतं. कार्यशाळेत कुणी हे सांगितलं असतं, तर ती पहिल्याच दिवशी नियम पाठ करून आली असती.

पुढच्या सोमवारी ती गाडी पकडून पादांगला गेली. तिथल्या ग्रंथालयात, जुन्या वर्तमानपत्रांच्या खोलीत तिला एक बांधीव खंड मिळाला, कडा वाळवीने कुरतडलेल्या. एक दिवस गेला. दुसरा गेला. रात्री ती मावसबहिणीकडे टेकायची आणि सकाळी दार उघडायच्या आधी पायरीवर हजर. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुमाराला, तांदळाच्या भावाखाली, तिला अर्धा स्तंभ सापडला. मे महिना, एकोणीसशे साठ. ‘बातू बासिलांगच्या स्त्रियांनी बंधारा बांधला.’

तिने ते तीनदा वाचलं. एकसष्ट बायका, चाळीस दिवस. काम वाटून देणारी जवानिस नावाची तरुणी. बातमीदार स्वतः जाऊन आलेला. बायकांच्या डोक्यावर धोंडे घासून केस गेल्याचं त्याने लिहिलं होतं. एर्माविलिसला आईच्या टाळूवरचा तो चकचकीत डाग आठवला. आई तो शेवटपर्यंत ओढणीखाली लपवायची. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. कागदावर पडू नये म्हणून तिने मान वळवली.

मग तिने खालचा परिच्छेद वाचला. गावप्रमुख दातुक बंदारो कामावर हजर नव्हते, शहरात होते. पण जमावबंदीच्या दिवसांत बायकांना एकत्र जमता यावं म्हणून लष्करी ठाण्यातून लेखी परवाना त्यांनीच मिळवला, आणि अकरा पोती तांदूळ पाठवला.

हे आईने कधी सांगितलं नव्हतं. आईच्या गोष्टीत दातुक चाळीस दिवस शहरात नातेवाइकाकडे लोळत पडला होता आणि पाटी घेऊन परतला होता. आईला माहीत नव्हतं, की माहीत असून तिने गिळलं होतं, हे विचारायला आता आई नव्हती.

परतीच्या गाडीत एर्माविलिसच्या मांडीवर त्या अर्ध्या स्तंभाची छायाप्रत होती, आणि मनात घालमेल. खालचा परिच्छेद सोडून दिला तर? वाळवीने खाल्लेला तो खंड पुन्हा कोण उघडून बघणार? साठ वर्षं त्यांनी बायकांना गाळलं. आपण अकरा पोती गाळली तर कुठे आभाळ कोसळतं? डोंगराच्या वळणांवर गाडी हेलकावत होती आणि ती खिडकीबाहेर बघत स्वतःशी भांडत होती. कुणीही एकच बाजू लिहू नये, असा नियम होता. पण तिला अडवलं ते नियमाने नव्हे. गाळलं तर आपणही हाफ्निझारच, हा विचार तिला सहन झाला नाही.

घरी येऊन तिने चर्चापानावर लिहिलं. आधी ओळख: ‘या बंधाऱ्यावर माझ्या आईने धोंडे वाहिले. मी तिची मुलगी. आणि ज्या दातुकांचं नाव पाटीवर आहे, त्यांच्याच कुळातली मी. म्हणून हा मजकूर मी स्वतः पानावर घालत नाही. इथे ठेवते आहे. संदर्भ सोबत आहे. बघा आणि ठरवा.’ त्याखाली सात ओळी. एकसष्ट बायका, चाळीस दिवस, परवाना, अकरा पोती तांदूळ. एकही विशेषण नाही. आईचं नाव बातमीत नव्हतं, म्हणून तेही नाही. ते गाळताना तिने दात आवळले.

ठरवायला दोन दिवस लागले. मेदानच्या संपादकाने छायाप्रत नीट वाचली, तारीख तपासून घेतली, आणि सात ओळी पानावर चढवल्या. येल्फिनाने खाली एवढंच लिहिलं, ‘आता कुणी काढून दाखवावं.’

शुक्रवारच्या नमाजानंतर दातुकने एर्माविलिसला बोलावणं धाडलं. ग्रामकार्यालयात नाही, कुळाच्या मोठ्या घरात. तिथे बोलावलं म्हणजे मामा म्हणून बोलावलं. तो भिंतीला टेकून बसला होता, समोर कॉफी, बाजूला हाफ्निझार आणि कुळातले दोन म्हातारे. सहासष्ट वर्षांचा रुबाबदार माणूस, आवाज कधी चढवायचा नाही.

“एर्मा,” तो म्हणाला, “कुळाची लाज तू साऱ्या जगाच्या वेशीवर टांगलीस. ते पान काढ.”

तिने सांगितलं, की तिला ते काढता येत नाही. ते तिचं नाही. तिने ते चढवलंसुद्धा नाही. तिने काढलं तर कुणीतरी परत घालेल, कारण त्याला संदर्भ आहे.

“मग कुणाला सांगायचं? त्यांचं मोठं कार्यालय कुठंय?”

“तुम्ही म्हणता तसं कार्यालय नाही, मामा. तुमच्याकडे याहून जुना छापील कागद असेल तर आणा. तुमची बाजूही लिहिली जाईल. मीच जागा दाखवते कुठे लिहायचं.”

एका म्हाताऱ्याने घसा साफ केला. त्याला हसू आलं होतं. दातुकने कप खाली ठेवला. “देस्वीताची मागणी घेऊन पुढच्या महिन्यात जायचंय ना? विड्याचं तबक कुणी न्यायचं, बोलायचं कुणी? मामाच्या तोंडाशिवाय मागणी होत नाही. माझं तोंड मी उघडणार नाही. विचार कर.”

  हे एर्माविलिसने धरलं नव्हतं. तिच्यावर काही येईल असं तिला वाटलं होतं, पोरीवर नाही. तिच्या ओठांवर ‘बघते’ हा शब्द आला होता. तो बाहेर पडला असता तर सगळं तिथेच संपलं असतं.

“मामा,” ती म्हणाली, “तुमच्या मामांनी अकरा पोती तांदूळ पाठवला. परवानाही आणला. माझ्या आईने मरेपर्यंत हे कधी तोंडातून काढलं नाही. मी काढलं. साऱ्या जगापुढे लिहून दिलं. मी तांदूळ कबूल केला, आता तुम्ही धोंडे कबूल करा.”

“आणि नाही केले तर?”

“तर तबक मी स्वतः उचलीन. लोक हसतील. मी एकसष्ट बायकांच्या गावातली आहे, मला हसण्याचं काय.”

एवढं बोलून ती उठली आणि रीतीप्रमाणे हात जोडून, पाठ न दाखवता बाहेर पडली. 

घरी तिने देस्वीताला सगळं सांगितलं, आणि पहिल्यांदाच विचारलं, की मी चुकले का.  देस्वीताला लग्न हवं होतं, आणि नवऱ्याकडचे रीतभात पाळणारे होते. मग ती म्हणाली, “आजीच्या टाळूवरच्या त्या डागाला मी तेल लावायचे. थांबू आपण दोन महिने.”

दोन महिने कठीण गेले. मुलाकडून दोनदा विचारणा झाली. लापाऊवर लोक एर्माविलिसला ‘प्राध्यापक’ म्हणायला लागले, आणि ते कौतुक नव्हतं. ग्रामकार्यालयाच्या समारंभाच्या पोशाखांचं काम दर वर्षी तिच्याकडे यायचं. या वर्षी ते दुसरीकडे गेलं. तिने पान रोज उघडून पाहिलं. ओळी जागच्या जागी होत्या.

गाठ सोडवली जवानिस मावशीने. तिला कुणीतरी त्या सात ओळी वाचून दाखवल्या होत्या, आणि मागणी अडल्याचंही सांगितलं होतं. रीतीप्रमाणे दातुक बायकोच्या घरी राहायचा. एका सकाळी म्हातारी काठी टेकत तिथे गेली आणि पायरीवर बसली. पान चघळत बसली. दातुकच्या बायकोने आत बोलावलं, तर म्हणाली, इथे वारा बरा आहे. दुपारी घरी जेवून पुन्हा आली. दुसऱ्या दिवशीही. तिने कुणाला एक शब्द विचारला नाही. येणारे-जाणारे विचारायचे, मावशी इथे का, तर म्हणायची, “काही नाही, दातुक कामावर कधी निघतो ते बघतेय. आधीचा कधी दिसला नाही, म्हटलं हा तरी बघावा.”

तिसऱ्या दिवशी लापाऊवर दुसरा विषयच नव्हता. संध्याकाळी दातुकचा निरोप आला, की गुरुवारी मागणीला निघू.

तो आला. गडद रेशमी पोशाखात, कमरेला कट्यार. मुलाच्या घरी त्याने मागणीचे जुने बोल असे म्हटले, की समोरच्यांचा मामा उत्तर द्यायचं विसरला. एर्माविलिसला मान्य करावं लागलं, की या पंचक्रोशीत असं बोलणारा दुसरा नाही. जाताना-येताना त्याने तिच्याकडे एकदाही पाहिलं नाही. बंधाऱ्यावरची पाटी त्याने बदलली नाही, आणि धोंडे कबूल केले असंही कधी म्हणाला नाही. पण हाफ्निझारने त्या पानाला पुन्हा हात लावला नाही.

लग्नाच्या आधीच्या आठवड्यात जवानिस मावशीने एर्माविलिसला बोलावून घेतलं. तिला त्या ओळी पुन्हा ऐकायच्या होत्या. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, “कास्मीचं नाव कुठंय?”

एर्माविलिसला माहीत नव्हतं. म्हातारीने सांगितलं. एकोणतिसाव्या दिवशी धोंडा घसरला आणि कास्मी पाण्यात गेली. सोळा वर्षांची होती. परवान्यावर गडबड होईल म्हणून कुणी बातमीदाराला सांगितलं नाही. नंतर तिची आईही गाव सोडून गेली. “तिला त्यात घाल. मग मी मरायला मोकळी.”

एर्माविलिसने मान खाली घातली. नाही म्हणायची पाळी आता तिच्यावर होती. तिने सांगितलं, की तसं घालता येत नाही. कुठे छापलेलं नाही, कुणी तपासलेलं नाही. म्हातारीने तिच्याकडे असं पाहिलं, की त्यापेक्षा दातुकची धमकी बरी होती.

“मी खोटं बोलते?”

“नाही, मावशी.”

“मग?”

“मग ते छापलं जाईल असं करायचं,” एर्माविलिस म्हणाली. “नियम छापील मागतो ना, आपण त्याला छापील देऊ. पण मी नाही छापायचं. परक्या माणसाने येऊन, तपासून छापायचं.”

येल्फिनाने पादांगच्या एका इतिहासाच्या प्राध्यापिकेचं नाव दिलं. एर्माविलिसने तिला पाच पत्रं लिहिली. पाचव्याला उत्तर आलं. लग्नानंतर दीड महिन्याने ती बाई आवाज टिपायचं यंत्र आणि दोन विद्यार्थिनी घेऊन बातू बासिलांगला पोहोचली. एकसष्टांपैकी तिघी उरल्या होत्या. तिघींना एर्माविलिसच्या ओसरीवर वेगवेगळं बसवून विचारायचं ठरलं, म्हणजे एकीचं ऐकून दुसरी बोलणार नाही.

जवानिस मावशी पहिली. तिने विडा थुंकून टाकला, ओढणी सारखी केली आणि प्राध्यापिकेला नीट बसायला सांगितलं. असं वाकून बसलं तर सगळं कसं लिहून होणार, चाळीस दिवसांचं आहे. मग तिने एकेक नाव घ्यायला सुरुवात केली.

एर्माविलिस कोपऱ्यात चौकट घेऊन बसली होती. म्हातारीने पुराचा महिना चुकीचा सांगितला. पुढे रोसमानीचं नाव आलं, आणि मावशी म्हणाली, ती आळशी होती, धोंडे लहान बघून उचलायची. एर्माविलिसची मान ताडकन वर आली. तोंड उघडलं गेलं. पण संबंधित व्यक्तीने मध्ये बोलायचं नसतं. तिने ओठ घट्ट मिटले, सुईत जर ओवली, आणि पुढचं नाव येण्याची वाट बघत राहिली.